फॉर्मवर मारलेली रेघ

मागच्या सुट्टीत तुम्ही दोघं नातवंडं पनवेलला आला होतात तेव्हा आपल्याकडे स्वयंपाकाला येणारी मुलगी चहा झाल्यावर बाल्कनीत उभी राहून बोटाने दात घासत होती. ती काळं काळं काय लावते, असं तुम्ही मला विचारलंत. मी म्हटलं, टूथ पावडर. तुमचं समाधान झालं आणि तुम्ही आंबे खायला पळालात.

ती मशेरी होती. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून बारीक केलेली तंबाखू. ती कशाची करतात हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी तुम्हाला ते उत्तर देताना आपण खोटं बोलतोय असं मला एकदाही वाटलं नाही. त्या गोष्टीचा धक्का अजून ओसरलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

ही मुलगी नेऱ्याच्या पुढच्या एका गावातून येते. सकाळी लवकर निघावं लागतं, म्हणून तिची मशेरी आमच्याकडेच लावून व्हायची. माझ्या फळीवरच्या प्रत्येक डब्याला चिठ्ठी असते, हे तुम्हाला माहीत आहे. तिच्या डब्यालाही मी चिठ्ठी लावली होती, माझ्या चांगल्या अक्षरात: मंजन. डबा संपत आला की ती माझ्याच गॅसवर, मी तिला दिलेल्या जुन्या तव्यावर तंबाखू भाजायची. धुराने मला ठसका लागायचा. मी खिडकी उघडून बाहेरच्या खोलीत जाऊन बसायची. ती तव्यासमोर उभी असायची, आणि शेवटी शेवटी तर तिचं पोट ओट्याला लागत होतं.

तिचं नाव बाळंतपणासाठी दवाखान्यात घालायला मी सोबत गेले होते. तिच्या नवऱ्याची कोन गावाजवळच्या गोदामात पाळी होती आणि फॉर्म इंग्रजीत होता. मी पेन काढलं, चष्मा लावला. रक्तदाब, मधुमेह, आधीची ऑपरेशनं, सगळं विचारून लिहिलं. मग आलं धूम्रपान. मी विचारताच ती तोंडावर पदर घेऊन हसायला लागली.

"आजी, मी काय बाप्या हाय का बिडी ओढायला?"

शेजारच्या बाकावरच्या दोघीही हसल्या. मीही हसले आणि 'नाही'वर खूण केली. त्याच्या खाली आणखी तीन प्रश्न होते: दारू, इतर कुठल्याही स्वरूपात तंबाखू, घरात कुणी ओढतं का. पहिल्याचं उत्तर नाही, म्हणजे बाकीच्यांचंही नाहीच, असं धरून मी त्या तिन्हींवरून वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ मारली. फॉर्म अगदी नीटनेटका दिसत होता. नर्सनेही कौतुक केलं.

सातव्या महिन्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. बाळाची वाढ दिवसांच्या मानाने कमी होती. जेवतेस का, झोपतेस का, घरात त्रास आहे का, असं सगळं त्यांनी विचारलं. मग फॉर्म काढला, माझ्या रेघेवर बोट ठेवलं आणि तिला म्हणाल्या, "तोंड उघड बघू."

हिरड्या पाहिल्यावर त्यांनी दात कशाने घासतेस असं विचारलं. मशेरीनं, असं ती लगेच म्हणाली. लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. दिवसातून किती वेळा, तर तिने बोटांवर मोजत सांगितलं: उठल्यावर, चहा झाल्यावर, जेवल्यावर, झोपताना. डोकं दुखलं तर मधे एकदा.

डॉक्टरबाई तिला काही बोलल्या नाहीत. मला बोलल्या, इंग्रजीत, हळू आवाजात. तंबाखू जाळून ओढली काय आणि हिरडीला चोळली काय, तिच्यातलं निकोटिन रक्तात जातं, आईच्या रक्तातून बाळाकडे जातं. रक्तवाहिन्या आकसतात, बाळाला अन्न आणि प्राणवायू कमी पोचतो. मूल लवकर आणि लहान जन्मू शकतं. सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या मुलांमध्ये पुढे दम लागणं, शिकायला उशीर, एका जागी लक्ष न टिकणं जास्त दिसतं. "आणि भाजताना धूर होतोच," त्या म्हणाल्या. "तो कुठे होतो?"

माझ्या स्वयंपाकघरात, असं मी सांगितलं. जन्मभर इंग्रजी वाचलेल्या बाईला ते एक वाक्य उच्चारणं फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी मी डब्यावरची चिठ्ठी फाडली आणि डबा रिकामा केला. पण सवय काही फळीवर ठेवलेली नव्हती. तिचं डोकं ठणकायचं, चिडचिड व्हायची, सकाळी पोट साफ होत नाही म्हणून ती रडायची. डॉक्टरबाईंनी बडीशेप चघळायला आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं, दर आठवड्याला बोलावलं. आठवडाभर जमलं. मग एका सकाळी तिच्या तोंडाला तोच वास आला. घरी सासू भाजते, वास आला की राहवत नाही, असं ती म्हणाली.

म्हणून मी तिच्या गावी गेले. सासू माझ्याहून थोडी लहान, शेतात राबलेली, मोकळी बाई. तिने खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला, आणि माझं सगळं ऐकून घेऊन हसली.

"बाई, तुमी शिकलेल्या. पन आमी मशेरी लावूनच सा पोरं काढली. काय झालं नाय."

मी सहज विचारलं, मुलं कुठे कुठे असतात. तिने मोजून सांगितलं. एक उरणला, एक घरी, दोन मुली दिलेल्या. चार बोटं मिटली होती. 

"दोन लहान झालेली," ती म्हणाली. "मुठीएवढी. न्हाय जगली."

ती दोन मुलं मशेरीनेच गेली असं म्हणता येत नाही. डॉक्टरबाईही नंतर मला तेच म्हणाल्या, इतक्या जुन्या गोष्टीचं कारण कुणीच सांगू शकत नाही.  तिला काही सुनवायला मी लायकही नव्हते. चहा तसाच राहिला. सासू उठली, चुलीजवळचा तवा उचलला आणि मागच्या दाराने गोठ्याकडे गेली. परत आली तेव्हा हात रिकामे होते.

उरलेले दिवस आम्ही तिघींनी कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. बाळ तीन आठवडे आधी आलं. मुलगी झाली, दोन किलोला जरा कमी. रडली मात्र खणखणीत. ऊब मिळावी म्हणून आईच्या छातीशी बांधून ठेवली, हळूहळू वजन धरलं. पुढे तिच्या श्वासाचं, बोलण्याचं, शिकण्याचं काय होईल ते आज कुणाला सांगता येणार नाही. तेवढं भय माझ्याबरोबर राहणार आहे.

गेल्या आठवड्यात तिच्या लसीला गेलो. नवा फॉर्म, पुन्हा इंग्रजी. या वेळी मी एकेक ओळ मोठ्याने मराठीत वाचली. घरात कुणी तंबाखू ओढतं, खातं किंवा लावतं का, इथे आले आणि पेन थांबवलं. बाळ सासूच्या मांडीवर होतं.

"लिवा," ती म्हणाली. "म्हातारी लावते. गोठ्यात जाऊन लावते, आनि चूळ भरल्याबिगर पोरीला घेत नाय."

फॉर्मवर जागा कमी होती. मी बारीक अक्षरात सगळं लिहिलं.