मुद्देमालातलं व्हायोलिन

नोकरीत खुनाचे तपास केले, दरोडे उघडकीस आणले. तरी गिरगावातली एक साधी घरफोडी अजून माझा पिच्छा सोडत नाही. तिचा छडा मी आठवड्यात लावला होता आणि वरिष्ठांनी पाठही थोपटली होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. मी नवा फौजदार होतो. रोज कुठे ना कुठे मोर्चा, सभा, हरताळ. निम्मं ठाणं बंदोबस्तावर असायचं आणि उरलेल्यांना दोन पाळ्या कराव्या लागायच्या. अशाच एका रविवारी दुपारी खोताच्या वाडीतले एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ ठाण्यात आले. वाडीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. चाळीस वर्षं व्हायोलिन वाजवून आणि शिकवून त्यांनी संसार केला होता. पत्नी वारली होती, मुलगा आफ्रिकेत होता आणि दीड महिन्याने मास्तर बोटीने कायमचे त्याच्याकडे जायचे होते. सकाळी ते चर्चला गेले असताना घरातून व्हायोलिन गेलं. पेटी जागच्या जागी होती, आत काही नव्हतं.

हवालदाराने फिर्यादीत लिहिलं, 'जुने तंतुवाद्य, नग एक.' मास्तरांनी ते वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "जुनं लिहिलंत ते बरोबर आहे."

ओळखीच्या खुणा विचारल्या. पाठ एकाच सलग फळीची, तिच्यावर वाघाच्या अंगासारखे पट्टे, हनुवटी टेकते तिथे वॉर्निश उडालेलं. मग ते म्हणाले की, या खुणा दुसऱ्या व्हायोलिनलाही असतील. तरुणपणी त्यांनी एका बोटीवरच्या वादकाकडून ते घेतलं, तेव्हा शेजारी याहून चकचकीत तीन व्हायोलिनं होती. त्यांनी वादकाला प्रत्येकावर एकच सूर वाजवायला लावला आणि स्वतः खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. जवळून सगळीच गोड वाटतात; लांबपर्यंत ज्याचा आवाज पातळ होत नाही ते घ्यायचं. मी ऐकून घेतलं, जबाबात लिहिलं नाही.

कुलूप तोडलेलं नव्हतं, म्हणजे किल्ली कुठे असते ते चोराला ठाऊक होतं. मी वाद्यांच्या दुकानांत आणि दुरुस्ती करणाऱ्यांकडे वर्णन कळवलं. पाचव्या दिवशी जवळच्याच गल्लीतला, मूळ मिरजेकडचा एक कारागीर ठाण्यात आला. त्याने टेबलावर लाकडाचा मोडका तुकडा ठेवला. व्हायोलिनच्या तारा ज्यावर टेकतात ती घोडी.

"एक गिऱ्हाईक नमुना म्हणून हे देऊन गेलं, साहेब. तशीच नवी करून नेली," तो म्हणाला. "पण ही मोडकी मीच कापलेली. मास्तरांसाठी."

गिऱ्हाइकाचं वर्णन मास्तरांना सांगितलं. मग त्यांनी दादरचा एक पत्ता दिला. तिथे त्यांचा सर्वांत जुना शिष्य राहत होता. चाळिशीचा, एका कचेरीत कारकून, गेली वीस वर्षं दर गुरुवारी शिकायला येणारा.

त्याला ठाण्यात आणलं. तासभर त्याने काही कबूल केलं नाही. मी आवाजही चढवून पाहिला. शेवटी मी मोडकी घोडी त्याच्यासमोर ठेवली.

"मास्तर नेहमी म्हणायचे, माझ्यामागं हे तुझं," तो म्हणाला. "मग जायचं ठरल्यावर म्हणाले, सोडवत नाही रे. मला राग नाही आला, साहेब. मलाही सोडवलं नाही, एवढंच."

त्या रविवारी ट्रामला सभेची गर्दी होती. कापडात गुंडाळलेलं व्हायोलिन छातीशी धरून तो उभा होता आणि धक्क्यात घोडी मोडली, हेही त्यानेच सांगितलं.

पंचांना घेऊन त्याच्या खोलीवर गेलो. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून दूर, कपाटात, बायकोच्या रेशमी लुगड्यात व्हायोलिन ठेवलेलं होतं. बायको दाराशी उभी राहून रडत होती. पंचनामा चालू असताना तो पुढे झाला आणि त्याने तारा पिळायच्या खुंट्यांकडे हात नेला. मी त्याचा हात धरला.

"तारा उतरवून ठेवा, साहेब. ताणलेल्या राहिल्या तर लाकूड सहन करत नाही. आणि ओल लागू देऊ नका."

मुद्देमालाला हात लावायचा नाही, असं मी त्याला बजावलं. लाखेचं सील झालं आणि व्हायोलिन ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत, जप्त केलेल्या सायकली आणि हातभट्टीच्या डब्यांशेजारी गेलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर फिर्याद मागे घ्यायला आले. ते आता माझ्या हातात नव्हतं. मग त्यांनी अर्ज दिला की, खटला चालेपर्यंत व्हायोलिन आपल्या ताब्यात मिळावं. तो मॅजिस्ट्रेटकडे पाठवणं माझ्या हातात होतं. पण त्याच दिवशी बंदोबस्ताचा हुकूम आला, अर्ज खणात राहिला आणि नंतर मी विसरलो. व्हायोलिनसाठी मास्तरांनी ठरलेली बोट जाऊ दिली, दुसरीही जाऊ दिली. सबंध पावसाळा गेला.

शिष्याने कोर्टातही गुन्हा कबूल केला. पहिलाच गुन्हा म्हणून चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर कोर्टाने त्याला सोडलं. नोकरी मात्र गेली.

खटला संपल्यावर मास्तरांसमोर मी स्वतः सील तोडलं. वरची फळी उभी चिरली होती. मान सांध्यातून निखळून पुढे आली होती आणि आत बुरशी धरली होती. मास्तरांनी ते मांडीवर घेतलं, चिरेवरून एकदा अंगठा फिरवला. मी माफी मागण्याऐवजी पावती पुढे केली. त्यांनी सही केली.

उठताना म्हणाले, "त्याला सांगू नका."

पुढच्याच बोटीने ते गेले.

वर्षभराने परळच्या नाक्यावर तो शिष्य भेटला. एका दुकानात हिशेब लिहायचं काम मिळालं होतं. त्याने माझी, घरच्यांची चौकशी केली आणि मग विचारलं, "व्हायोलिन नीट आहे ना, साहेब?"

"मास्तर घेऊन गेले," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उजळला. "तिकडची हवा कोरडी असते म्हणतात. मानवेल त्याला."

पुढे ज्या ज्या ठाण्यात गेलो तिथे मुद्देमाल खोलीत आधी जमिनीच्या ओलीपासून वर फळ्या ठोकून घेतल्या. प्रत्येक फिर्यादीला मी विचारू लागलो की, ही वस्तू ठेवायची कशी? लोक चकित व्हायचे. पोलिसाने चोर पकडला की काम झालं, असं मलाही तेव्हा वाटत होतं. त्या व्हायोलिनवर जीव असणारी दोन माणसं होती, एक फिर्यादी आणि एक आरोपी. ज्याला त्याचं काहीच नव्हतं तो मी, आणि ते माझ्या ताब्यात होतं.