दोन टिचक्या

शेवटच्या दिवशी दवाखान्यात सुमनचं बोलणं बंद झालतं. मी चमच्यानं पाणी पाजलं, तर तिनं माझ्या तळहातावर बोटानं दोन टिचक्या मारल्या. नर्स म्हणाली, हात थरथरतोय. थरथरत नव्हता. दोन टिचक्या म्हणजे मागचं तेच परत... मी परत चमचा भरला. त्याला आता महिना होऊन गेला.

मी वडगावचा विणकर, चौथी शिकलेला. गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहायचं असतं म्हणतात. पण माझी बायको तापट होती, आणि हळू चालणारं माणूस तिला खपायचं न्हाय. ती मॅट्रिक झालती, टायपिंग शिकलती, म्हणून बेळगावातल्या एका कारखान्याच्या ऑफिसात लागली. ऐंशी साल उलटून गेल्यावर तिथं कॉम्प्युटर आला. काळी काच, त्यावर हिरवी अक्षरं, चित्र म्हणून न्हाय. काय करायचं ते एकेक ओळ इंग्रजीत टाईप करून त्याला सांगायचं, आणि एक अक्षर चुकलं की त्याचा नन्नाचा पाढा. रोज त्याच लांबलचक ओळी मारून सुमनची बोटं दुखायची. मग तिनं पुस्तकात वाचून शोधलं, की अख्ख्या ओळीला आपण टोपणनाव ठेवू शकतो. नाव मारलं की ओळ चालते. आणि उद्गारचिन्ह दोनदा मारलं की मागचा हुकूम तसाच परत. मला ते लगेच कळलं. जकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ एकदा बांधली की लुगड्याच्या काठातला मोर आपोआप उमटतो, तसंच की हे. पण तिनं नावं ठेवली ती घरातली. पगाराच्या कामाला ‘भाकर’, गोदामातल्या मालाला ‘म्हस’. ऑफिसात हसायचे, पण कुठली म्हस कुठं जाते ते तिलाच ठाऊक.

दिवसभराचं काम दुपारच्या चहाला संपायला लागलं. तिला वाटलं, आता लवकर घरी येता येईल. साहेबानं दुसऱ्या खात्याचं काम आणून तिच्या टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, माग जोरात चालवला म्हणून मालक विणकराला घरी सोडत न्हाय, जादा लुगडी मागतो. ‘गप बसा,’ म्हणाली.

तशात माहेरी, गुंजीला, तिची आई अंथरुणाला खिळली. घरात पाणी द्यायलाही माणूस न्हाय. रविवारी रेल्वेनं जाऊन यायची, पण त्यानं भागत नव्हतं, जाऊन राहायला पाहिजे होतं. रजा मागितली की साहेबाचं एकच, ‘मॅडम, तुम्ही गेलात तर भाकर कोण चालवणार?’ खोटं नव्हतं ते. रात्री भाकरी थापताना ती म्हणाली, ‘मीच दावं वळलं, अहो, न् मीच गळ्यात घातलं.’

एक दिवस कामावरून आली ती चप्पल न काढताच म्हणाली, ‘सगळी नावं पुसून टाकली.’

‘न् नोकरी?’

‘जाती कुठं? लांब ओळी कागदावर लिहून भिंतीला लावल्यात. आता कुणालाबी येतंय. दिवसभर लागंल, लागूदे.’

साहेब लई तापला, पण रजेला नको म्हणायला त्याच्याकडं कारण उरलं न्हाय. मी तिला गुंजीच्या गाडीत बसवून आलो. आईला शेवटचं पाणी लेकीच्या हातचं मिळालं. परत आली त्या दिवशी साहेबानं आधी तेच काढलं, ती नावं परत घाला. तिनं घातली. पोरं शाळेत होती, माग बंद पडत आलते, काय करणार... रिटायर होईस्तवर त्याच खुर्चीत अडकून राहिली.

घरीही तिनं तेच चालवलं. ताटाच्या काठावर दोन टिचक्या, की मागं वाढलेलं तेच परत. बोलायचं कामच न्हाय. आम्ही दोघांनी सगळं इतकं आखूड करून टाकलं, की तिसऱ्याला त्यातलं काय कळू नये. आता मी एकटा त्यात कोंडलोय. सून चांगली आहे, पण तिला प्रत्येक गोष्ट लांब करून सांगावी लागते, आणि मला ते जमत न्हाय.

काल जेवताना हात आपोआप ताटाच्या काठावर गेला, दोन टिचक्या वाजल्या. सून आतनं आली. ‘आप्पा, काय पाहिजे?’

‘काय न्हाय गं.’

ती आत गेली. मी परत दोन टिचक्या मारल्या.