पुढच्या चाकावरचं कुंकू

माझं सायकलिंग आईला पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. "लोक गाडी नाही म्हणून सायकल चालवतात. हा सायकल गाडीच्या टपावर घालून चार तास गाडी चालवतो, आणि मग डोंगरात जाऊन सायकल चालवतो," असं ती लंडनजवळच्या पिनरमधल्या आमच्या शेजारणीलाही सांगून आली होती. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आईला परत जायला तेव्हा दहाएक दिवस उरले होते.

त्यात दसरा आला. आईने घरातली यच्चयावत हत्यारं पूजेला काढली. मिक्सर, केर ओढायचा हूवर, ड्रिल, माझा लॅपटॉपसुद्धा. सायकल लपवायला हवी हे मला सुचेपर्यंत पुढच्या चाकावर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती आणि हँडलवर झेंडू डोलत होता. झेंडू मी काढला, कुंकू राहू दिलं. "ब्रेकला मात्र हात लावायचा नाही हं," असं तिला दहादा बजावलं.

शनिवारी मी आणि माझा मित्र वेल्समधली एक खिंड चढलो. मित्र मूळचा नागपूरचा, साउथहॅम्प्टनला डॉक्टर आहे. चढलो म्हणजे तो चढला. मी मेंढ्यांच्या देखत दोनदा उतरून सायकल ढकलली. रस्त्यावर गाडी नव्हती, माणूस नव्हता, त्यामुळे अब्रू मेंढ्यांपुरतीच गेली.

पलीकडचा उतार चांगलाच उभा होता. पहिल्याच वळणावर दोन्ही ब्रेक दाबले, तर सायकल अशी किंचाळली की मेंढ्या पळाल्या, आणि वेग काही हवा तेवढा कमी होईना. कशीबशी गवतात घातली आणि आडवा झालो. लागलं नव्हतं.

सकाळपासून फोनला रेंज नव्हती, ती नेमकी तिथे आली. मी घरी फोन लावला. "आई, तुझ्या त्या पूजेपायी आज मेलो असतो मी! कशाला हात लावतेस माझ्या वस्तूंना?"

ती म्हणाली, "लागलं का रे?" मी उत्तर न देता फोन ठेवला.

मित्र तोवर एकेक चाक उचलून, फिरवून बघत होता. "अबे, काकूंनी कुंकू लावलं ते पुढच्या चाकाला. पुढचा ब्रेक मस्त लागतोय. बोंबलतोय तो मागचा." त्याने ब्रेक जिला चिमटतो त्या मागच्या डिस्कवरून बोट फिरवलं आणि नाकाला लावलं. "चेनला ऑइल स्प्रे कधी मारला?"

"काल."

"डिस्क झाकली होतीस?"

"नाही." चेनवर मारलेलं तेल शेजारच्या डिस्कवर उडालं होतं, म्हणून ब्रेक धरत नव्हता. ते मीच उडवलं होतं.

"आधी काकूंना फोन कर," तो म्हणाला. तोवर रेंज गेली होती. सबंध उतार मी पेडलला अडकणाऱ्या सायकलच्या बुटांनी टकटक करत चालत उतरलो. खाली गावात रेंज आली, पण आता माझी हिंमत होईना. आठ दिवसांनी आई जाणार, आणि जाताना हे वाक्य बरोबर घेऊन जाणार, या विचाराने मला स्वतःची लाज वाटत होती.

घरी पोचलो तर आई ओलं फडकं घेऊन हूवर पुसत होती. मिक्सर, ड्रिल, लॅपटॉप, सगळं लख्ख झालं होतं. कुंकवाचा कुठे ठिपका राहिला नव्हता.

"परत कशाने काही व्हायला नको," ती म्हणाली.

मी तिथेच जमिनीवर बसलो आणि तिला सगळं सांगितलं, मेंढ्यांसकट. "चुकलो गं," म्हटलं.

आईने फडकं पिळून वाळत टाकलं. "कुठाय तो स्प्रे?" मी गॅरेजमधून डबा आणून दिला. तिने कुंकवाची कोयरी उघडली आणि डब्यावर हळदीकुंकवाची दोन ठसठशीत बोटं ओढली.

"घरातलं सगळ्यात धारदार हत्यार पूजेचं राहूनच गेलं होतं," ती म्हणाली.

आई भारतात परत गेली त्याला आता दोन वर्षं झाली. दसऱ्याला ती व्हिडिओ कॉलवर पूजा सांगते आणि डबा दाखवायला लावते. चेनसाठी मी दुसरं तेल आणलंय. हा डबा जवळजवळ भरलेलाच आहे, पण त्यावरची बोटं पुसली जातील म्हणून मी तो एरवी हातात घेत नाही.