तिची हनुवटी सोडा

मॅडमनं माझ्या मुलीची हनुवटी चिमटीत धरली होती. भरल्या वर्गात, माझ्यासमोर.

"माझ्या डोळ्यांत बघ आणि सॉरी म्हण."

मुलगी डोळ्यांत बघत नव्हती. ती बघत होती मॅडमच्या मंगळसूत्राच्या वाट्यांकडं. वाट्या हलत होत्या, उजेडात चमकत होत्या.

"बघा," मॅडम मला म्हणाल्या. "आताही लक्ष सोन्यावरच. घरात बघायला मिळत नाही ना, मग नजर जाते. तुमच्या लोकांचं असंच असतं."

मी एस.टी.त वाहक आहे. पिशोरची फेरी करून परतले, तोच शाळेचा फोन आला. 'मुलीनं चोरी केली' एवढंच सांगितलं. खाकी कपड्यांतच मुकुंदवाडीला शाळेत पोचले. चोरीला गेलेलं काहीच नव्हतं. मुलीनं फक्त वाटीला बोट लावलं होतं, ती पुन्हा हलावी म्हणून. मॅडम ओरडल्या. सगळ्या वर्गासमोर तिचं दप्तर पालथं केलं. पोरं हसली.

माझ्या मुलीला ऑटिझम आहे. आठ वर्षांची आहे. माणसाच्या चेहऱ्याकडं ती फार बघत नाही. फिरणारा पंखा, पाण्यावरचा उजेड, हलणारी साखळी यांच्याकडं बघत राहते. ऐकत मात्र असते. नजर दुसरीकडं असताना विचारा, उत्तर मिळेल. डोळ्यांत बघायची जबरदस्ती केली की तिचे शब्दच बंद होतात. प्रवेश घेतला तेव्हा हे सगळं शाळेला सांगितलं होतं. डॉक्टरांचे कागदही दिले होते. हेडबाई तेव्हा गोड हसल्या होत्या.

त्याच हेडबाई आता दारात येऊन उभ्या राहिल्या. माझ्या कपड्यांकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ताई, कशाला वाढवता? तुम्ही तिचं डोकं धरा. एकदा मॅडमकडं बघू दे, सॉरी म्हणू दे, विषय संपला. नाहीतर दाखला घेऊन जा."

डोकं धरा. माझ्याच पोरीचं. माझ्याच हातानं.

माझी आई पाचोडला दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. मालक बोलायला लागला की मान खाली घालायची. एकदा मजुरीचं विचारताना तिनं त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला. 'लई मस्ती आली का गं' म्हणत त्यानं तिला बांधावरून ढकललं. मी तिथंच होते. तेव्हा वर बघितलं की उद्धट. आता वर बघितलं नाही की उद्धट. आमच्या नजरेनं कुठं जायचं हे ठरवणार मात्र तेच.

हे मला त्या वर्गात, उभ्या उभ्या कळलं. पुढं काय करायचं याचा विचार करावा लागला नाही.

"नाही धरणार," मी म्हणाले. "हनुवटी सोडा तिची."

मॅडमनं सोडली नाही. मी त्यांचं मनगट धरून हात बाजूला केला.

"हात लावू नका मला!"

"मग तुम्हीपण माझ्या पोरीला लावू नका."

हनुवटीवर नखांची लाल खूण उमटली होती. मुलगी पंख्याकडं बघायला लागली.

हेडबाईंनी आवाज मऊ केला. सगळं तिच्या भल्यासाठीच आहे, म्हणाल्या. डोळ्यांत बघून बोलता आलं नाही तर उद्या जगात तिचं कसं होणार?

"माझ्या गाडीत दिवसभर माणसं चढतात, बाई. तिकीट घेताना एकजण माझ्याकडं बघत नाय. मी कुणाला खाली उतरवत नाय."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मी दप्तर भरलं आणि मुलीला घेऊन निघाले. दाखला घेतला नाही.

नवरा म्हणाला, दुसरी शाळा बघू. आपलंच लेकरू असं आहे, आपणच ऐकून घ्यायचं. मी विचारलं, तिथली मॅडम वाटी झाकून येणार आहे का?

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. शिक्षणाधिकाऱ्यांकडं तक्रार दिली, मग पोलीस ठाण्यात. मुलीच्या अंगाला हात लावला, तिला चोर म्हटलं, आणि 'तुमच्या लोकांचं' म्हणजे कोणत्या लोकांचं, तेही जातीसकट स्पष्ट सांगितलं. ठाण्यातला हवालदार म्हणाला, "ताई, एवढं कशाला ताणायचं?" मी म्हणाले, लिहून घ्या. त्यानं पेन उचलेपर्यंत मी टेबलासमोरून हलले नाही.

आता हेडबाईंचे फोन येतात. मॅडम माफी मागायला तयार आहेत म्हणे, ऑफिसमध्ये, दार लावून. अपमान वर्गात झाला, माफी दाराआड. चालणार नाही.

मुलगी त्याच शाळेत जाते, त्याच वर्गात बसते. तिला वाटेल तिकडं बघते. शाळा तिची आहे, ती तिथून जाणार नाही. तक्रार मी मागं घेणार नाही. मला मिटवायचं नाही. मला निकाल पाहिजे.