केतकीच्या ट्रकचा धूर मी बंद केला

चहा ओता, सांगतो. फक्त हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात की माझी गाडी रुळावरून घसरते.

तुम्हाला ठाऊकच आहे, रेवदंड्याच्या बंदरावर मी तीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त करतोय. डॉक्टर खोकल्यावरून आजार ओळखतो, तसा वसंता आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखतो, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मुख्यतः मीच.

माझी मुलगी केतकी पुण्याला नोकरी करते. तिला एक नाद लागलाय, रिमोटवर चालणाऱ्या ट्रकचा. बॅटरीचं खेळणं नव्हे हो. ट्रक गावठी कोंबड्याएवढा, पण त्याच्यात लिंबाएवढं खरंखुरं इंजिन. ते पितं नायट्रो नावाचं इंधन. त्याच्या डोक्यावर एक ग्लो प्लग असतो, प्लगच्या आत केसाएवढी तार. टॉर्चसारखा एक इग्नायटर प्लगवर बसवला की ती तार तापून लाल होते, मग दोरी ओढायची, आणि इंजिन जे काही बोंबलतं की शेजारच्या आळीतली कुत्री उत्तर देतात.

त्या रविवारी आपल्याच किनाऱ्यावर, दुपारी ओहोटीला, अशा ट्रकांची शर्यत होती. मुंबई-पुण्याहून दहा-बारा मंडळी येणार होती. केतकीची ही पहिलीच शर्यत, आणि तीही आपल्या गावात. शनिवारी संध्याकाळी अंगणात तिने ट्रक चालवून बघितला. मी ओटीवरून बघत होतो. ट्रक मस्त पळत होता, पण मागे निळसर धुराची शेपटी.

"केतकी, धूर येतोय गं."

"यायलाच हवा, बाबा."

का यायला हवा, एवढंच विचारायचं होतं मी. नाही विचारलं. तीस वर्षं ज्याने इंजिनं उघडली, त्याने पोरीला विचारायचं? आमच्या धंद्यात धूर म्हणजे दुखणं. काळा धूर आला तर डिझेल जास्त, निळा आला तर ऑईल जळतंय. रात्रभर तो निळा धूर माझ्या डोक्यात फिरत होता.

सकाळी केतकी दोन मैत्रिणींना आणायला गाडी घेऊन मांडव्याच्या जेट्टीवर निघाली. निघताना म्हणाली, "बाबा, ट्रकला हात लावू नका. मी सगळं सेट करून ठेवलंय."

"नाही लावत," मी म्हणालो. आणि खरंच, तिची गाडी वळणाआड जाईपर्यंत नाही लावला.

त्या इंजिनाला इंधन कमीजास्त करायची एक सुई असते. बारीक स्क्रूच तो. धूर जास्त म्हणजे इंधन जास्त, हे माझं निदान. घेतला पेचकस आणि सुई दीड आटा आत फिरवली. हा स्क्रू आट्याच्या आठव्या हिश्श्याने फिरवायचा असतो हे मला नंतर कळलं. बोटीच्या इंजिनाला दीड आटा म्हणजे नुसता नमस्कार असतो.

दोरी ओढली, इंजिन सुरू. तेवढ्यात शेजारचे धर्मादादा आले. दादांच्या दोन बोटी आहेत आणि दोन्हींची इंजिनं माझ्याकडेच असतात. भाचीच्या साखरपुड्याला निघाले होते, पांढरा कडक सदरा घालून.

"बघा दादा," मी रिमोटची कळ दाबत म्हणालो, "काल धूर होता. आज आहे का?"

"न्हाय," दादा म्हणाले. "आवाज पन लय टिपेचा लागलाय."

इंजिन खरंच टिपेला लागलं होतं. भजनात एखादा पेटतो ना, तसं. दोन मिनिटं गायलं आणि एकदम गप्प झालं.

मी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. मग वाटलं, इंधन जरा कमीच पडलं असेल. सुई बाहेर फिरवली. ओढली. आणखी फिरवली. ओढली. इग्नायटर सगळा वेळ प्लगवरच होता, कोण काढत बसतो? अर्ध्या तासाने अशी वेळ आली की दोरी ओढलीच जाईना. इंजिन दगड झालं.

धर्मादादा खाली वाकून म्हणाले, "वसंता, इंजान धरलं रं."

इंजिन धरलं म्हणजे पिस्टन आत चिकटला, खेळ खलास. चार वाजता पोरीची शर्यत, आणि बापाने सकाळी साडेदहालाच तिचा ट्रक मारून ठेवला. नंदा, म्हणजे आमची सौ., स्वयंपाकघरातून बाहेर येऊन फक्त बघून गेली. ते जास्त वाईट.

शेवटी केतकीला फोन केला. पण सरळ कसं सांगायचं?

"पोचलीस का?"

"हो, लाँच यायची आहे अजून. का?"

"काही नाही, सहज. समज, एखाद्याच्या ट्रकची दोरी ओढलीच जात नसेल, तर काय करायचं?"



"कोणाच्या ट्रकची?"

"समज म्हटलं ना."

"बरं. समजा, त्या माणसाने सुई किती फिरवली?"

"आत दीड आटा."

"दीड? आणि मग?"

"मग बाहेर. बरेच."

"बरेच म्हणजे किती, बाबा?"

"त्या माणसाने मोजले नाहीत."

केतकीने लांब श्वास सोडला. "त्याला सांगा, जोर लावू नको. इंजिन धरलेलं नाही, आत इंधन तुंबलंय. प्लग काढायचा, ट्रक उलटा धरायचा, दोरी ओढायची. आणि समोर..."

"कळलं, कळलं," म्हणून मी फोन ठेवला. एवढा आनंद झाला होता की धीरच निघेना.

प्लग काढला. ट्रक उलटा धरून धर्मादादांना म्हटलं, "दादा, नीट बघा हं, आत काय दिसतंय." आणि दोरी ओढली.

'समोर कोणाला उभं करू नका', असं तिला म्हणायचं होतं.

पिचकारी थेट दादांच्या सदऱ्यावर. तेलकट, गुलाबी, खिशापासून पोटापर्यंत. दादांनी आधी सदऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आरं, साखरपुडा हाय, रंगपंचमी न्हाय!" एवढंच म्हणाले आणि माझाच सदरा घालून गेले. तो त्यांना पोटावर बसत नव्हता. वरून उपरणं घेतलं.

आता दोरी मोकळी झाली होती, पण इंजिन सुरू होईना. प्लग बाहेर धरून इग्नायटर लावला, तर तार लाल होत नव्हती. म्हणजे प्लग गेला. केतकीच्या पेटीतून नवा काढला, तोही लाल होईना. तिसरा, चौथा, तेच. मी नंदाला सांगितलं, "हल्ली माल कसा येतो बघ, चारही प्लग बाद."

एवढ्यात गाडी आली. केतकी आणि तिच्या मैत्रिणी उतरल्या. केतकीने ओळीने मांडलेले चार प्लग बघितले, मग माझ्या हातातला इग्नायटर घेतला.

"बाबा, याची बॅटरी संपलीय."

विचार करा. गेल्या तीस वर्षांत बोट बंद पडली म्हणून जो जो माझ्याकडे आला, त्याला मी पहिला प्रश्न हाच विचारलाय, बॅटरी बघितलीस का रे? आणि इथे अर्धा-पाऊण तास इग्नायटर प्लगवर ठेवून मीच तो रिकामा केला होता.

मला वाटलं आता चिडेल. ती अंगणातच बसली आणि हसत सुटली. मैत्रिणीही हसल्या. मग इग्नायटर चार्जिंगला लावून मला शेजारी बसवलं. "या इंजिनाला वेगळं ऑईल नसतं. ते इंधनातच मिसळलेलं असतं. धूर दिसतो म्हणजे ऑईल पोचतंय. तुम्ही धूर बंद केलात, म्हणजे त्याचं तेल-पाणी बंद केलंत."

पटलं.

तिने सुई पूर्ण बंद करून, मोजून साडेतीन आटे उघडली. इंजिन सुरू केलं. मग कान देऊन थोडी आत, थोडी बाहेर, आणि मधे मधे इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब. थेंब झटकन उडाला तर इंजिन जास्त तापलंय. हळूहळू चर्र करत आटला तर ठीक. नंदा पदर खोचून बघत होती. म्हणाली, "अजून दोन मिनिटं थांब, तवा तापायचाय." थांबलो. पुढचा थेंब अगदी हवा तसा आटला. केतकी म्हणाली, "आईला नेऊया शर्यतीला."

नेलं. मलाही नेलं, फक्त पाण्याची बाटली धरायला. ओल्या वाळूवर बारा ट्रक सुटले. केतकीचा सुरुवातीला सहावा होता. मग दोन उलटले, एकाचं इंजिन बंद पडलं. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला वाईट वाटलं त्याचं. केतकी तिसरी आली, मागे ती निळी शेपटी मिरवत. मी एवढा ओरडलो की घसा बसला. साखरपुड्याहून परस्पर आलेले धर्मादादा माझ्या सदऱ्यात टाळ्या वाजवत होते आणि सगळ्यांना सांगत होते, आमच्या आळीतली पोर हाय.

केतकीने दोन दिवस रजा वाढवली. सोमवारी सकाळी मी बंदरावरच्या माझ्या शेडमध्ये बसलो होतो. धर्मादादा घाईघाईने आले. बोटीचं इंजिन सुरू होत नव्हतं, बर्फ भरून झाला होता, भरती ओसरत चालली होती.

मी पान्यांची पेटी उचलली. "चला."

दादा हलले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाले, "तू बस रं वसंता. पोरगी हाय का घरात?"