वरच्या गल्लीतली आजारी बाई

तेओफिला माझी कोमाद्रे, म्हणजे माझ्या पोरीची धर्ममाता. लिमाच्या आमच्या टेकडीवर वीस वर्षांत एकही पोयादा तिच्या हाताशिवाय झाला नाही. पोयादा म्हणजे, कुणाला कॅन्सर झाला की शेजाऱ्यांनी आधी तिकिटं खपवायची, रविवारी तळलेल्या कोंबडीची ताटं वाढायची आणि जमेल ते औषधाला द्यायचं. कोंबडीला लाल मिरची-लसणाचं वाटण चोळायचं ते मात्र तेओफिलानंच. दुसऱ्या कुणी हात लावला तर त्याची खैर नाही!

आणि मार्चमध्ये तिच्याच छातीत गाठ निघाली. ऑपरेशन सरकारी इस्पितळात झालं, पण पुढची इंजेक्शनं बाहेरून आणायची होती. मी म्हटलं, "तुझा पोयादा लावू या."

"खबरदार! जन्मभर लोकांना वाढलं मी. आता हात पसरू?"

"मग मर तशीच!" मी ओरडले. घरी येऊन ढसाढसा रडले.

शेवटी रिक्षावाल्या गुमेर्सिंदोनं तोड काढली. "तिला सांगताय कशाला?"

झालं! आम्ही थाप मारली. वरच्या गल्लीत एक नवी बाई आलीय, तिला कॅन्सर झालाय, लाजते बिचारी, नाव सांगू नका म्हणते. सगळ्या गल्लीला खरं ठाऊक, फक्त हिला नाही. ही बाह्या सरसावून वाटणाला लागली. वर स्वतःच्या पैशानं दोन तिकिटंही घेतली. मला तिच्याकडे बघवेना.

रविवारी कढईपाशी बसून तिचा तोफखाना सुरू झाला. "गुमेर्सिंदो, एकच ताट? तिकडे बाई मरायला टेकलीय आणि तुला चिक्कूपणा सुचतोय? जगली पाहिजे ती!"

"तिच्या आधी मीच मरेन पोट फुटून," म्हणत त्यानं तिसरं ताट घेतलं.

चार वाजता कोंबडी संपली. मी पैशाचा डबा तिच्या मांडीवर ठेवला.

"माझ्याकडे काय देतेस? वर नेऊन दे तिला."

"वर कुणी नाही, कोमाद्रे. ती बाई तूच."

तिनं झारा भिरकावला, माझ्या कानाजवळून गेला. "खोटारडे! सगळे एकजात खोटारडे!" आता डबाही फेकते की काय, म्हणून मी मागे सरले. पण तिनं तेलकट एप्रन तोंडाशी धरला आणि हुंदके देऊ लागली.

"सकाळपासून घसा फोडून सांगतेय, ती जगली पाहिजे म्हणून," ती म्हणाली. "आता कुठल्या तोंडानं नको म्हणू?"