अण्णांचा मटणाचा डबा

रविवारी सकाळी फोन वाजला, मटणवाल्या रशीदचाचांचं नाव दिसलं आणि मी नेहमीसारखा वैतागलो. अण्णांच्या फोनमध्ये कधीच रिचार्ज नसायचा. मला उठवायला ते चाचांचाच फोन वापरायचे. "येतो अण्णा, येतो... गाडी काढतोय," मी पांघरुणातूनच म्हणालो. पलीकडून चाचा म्हणाले, "अण्णा गेले, सर. पहाटं."

त्याला आता दीड महिना होईल. अण्णा म्हणजे सोलापुरातल्या आमच्या वसतिगृहाचे कारकून. मी मंगळवेढ्याजवळच्या खेड्यातला. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मला पदवी मिळाली, पुढे कॉलेजात शिकवू लागलो, ते या वसतिगृहामुळे. तिथं फीची सोय झाली, भाकरीची झाली, आणि रविवारच्या मटणाची अण्णांमुळे झाली. ते ऋण मी मानतो. पण ऋण मानणं वेगळं आणि अण्णांबरोबर रविवार काढणं वेगळं.

अण्णा माळकरी. आयुष्यात अंडंसुद्धा चाखलेलं नाही. आणि या माणसाचा उद्योग काय, तर पोरांसाठी मटण गोळा करायचं. शहरात येऊन राहिलेली गावाकडची माणसं जावळाचा, नवसाचा बोकड रशीदचाचांकडे आणतात. चाचा मुलाणी, बोकड कापायचं काम त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. बोकड अख्खा कापला जातो, पण निम्मी भावकी पुण्याला असते, आणि उरलेला रस्सा शेवटी गटारीत जातो. ते एकदा अण्णांनी पाहिलं. तेव्हापासून ते दर रविवारी चाचांच्या दुकानात उभे राहू लागले. शिजवायच्या आधीच एक वाटा काढा आणि वसतिगृहाला द्या, असं येईल त्याला सांगायचं. त्यासाठी कडीचा एक अल्युमिनियमचा डबा घेतला. अण्णांच्या बायकोनं तो घरात येऊ दिला नाही. "गळ्यात माळ घातलीया का बोकडाचं दावं?" असं त्या विचारायच्या. मग डबा चाचांच्या दुकानातल्या खिळ्यालाच राहिला, आणि अण्णा अंगणातल्या नळावर कपड्यांसकट आंघोळ केल्याशिवाय घरात जायचे नाहीत.

डबा पहिल्यांदा आला तेव्हा मी त्या पंगतीत होतो. अण्णा उपरण्यानं नाक झाकून टोकाला उभे होते. माझ्यापाशी येऊन थांबले.

"ताटात काय हाय रे?"

"हाड हाय, अण्णा."

"आन् ते?"

"ते बी हाडच."

"मग मटण कुटंय?"

"ज्यांचा बोकड त्यांच्या घरी," कुणीतरी म्हणालं आणि पंगत हसली. आम्हाला रस्साच पुष्कळ होता. अण्णा मात्र हसले नाहीत.

पुढच्या रविवारपासून त्यांचं गिऱ्हाइकांशी भांडण सुरू झालं. मांडी, खांदा, चाप, कलेजी... पाढे पाठ करावेत तशी त्यांनी चाचांकडून नावं पाठ केली. मानेचं आणि हाडाचं चालणार नाही, घरच्या वाट्यात जे पडेल तेच डब्यात पडलं पाहिजे, असा हट्ट. फुकट घेणारा माणूस अशी हुज्जत घालतो, हे गिऱ्हाइकाला पटेना. मी नोकरीला लागल्यावर त्यांना डब्यासकट दुकानातून वसतिगृहावर स्कूटरवरून न्यायचं काम माझ्याकडे आलं, आणि मध्ये पडायचंही. मोहोळच्या जाधवकाकू नातवाच्या जावळाला आल्या होत्या. अण्णांनी त्यांच्यासमोर डबा उघडून आतली हाडं दाखवली.

"तुमाला चालत न्हाय, आन् मांडी तुमीच मागनार व्हय?" काकू म्हणाल्या.

"मला चालत न्हाय म्हणून तर मागतोय. चालत असतं तर लोक म्हणाले असते, म्हातारा सोताच खातोय."

काकूंनी डब्यातलंही परत घेतलं आणि पुन्हा या दुकानाची पायरी चढणार नाही म्हणून निघून गेल्या. त्या दिवशी रिकामा डबा खिळ्याला लावून आम्ही परतलो. मी वाटेत खूप बोललो. देणाऱ्याशी असं वागलात तर येतंय तेही बंद होईल, पोरांनी मग काय खायचं? मागं बसून अण्णा म्हणाले, "उरलंसुरलं टाकायला पोरं काय उकिरडा हायत?"

दुसरं वैतागाचं कारण म्हणजे त्यांच्या पश्चात हे कुणी करायचं, हे त्यांनी ठरवू दिलं नाही. चार जणांची समिती करू, असं मी कितीदा सुचवलं. "समिती झाली की मटण समितीच खाईल," एवढंच उत्तर. कोणत्या घरी कधी जावळ, कुणाचा नवस फिटायचा, सगळं त्यांच्या डोक्यात. ते डोकं गेलं आणि डबा खिळ्यावर राहिला. चाचांना विचारलं तर म्हणाले, "गिऱ्हाइकाकडं मी कुठल्या तोंडानं मागू, सर? ते अण्णांनाच जमायचं." वसतिगृहातली पोरं विचारायची थांबली, तेव्हा मला जास्त वाईट वाटलं.

गेल्या रविवारी चाचांची मटणाची उधारी द्यायला गेलो, तर दुकानात जाधवकाकू. दुसऱ्या नातवाचं जावळ होतं. चाचांनी बोकड कापला, तुकडे केले. काकूंनी खिळ्याकडे बोट दाखवलं. "तो डबा घ्या की खाली." चाचांनी घाईघाईनं चार तुकडे टाकले. काकूंनी वाकून आत पाहिलं.

"ही हाडं कुणाला? मांडीचं घाला."

"काकू, ते अण्णा गेले की," चाचा हळूच म्हणाले.

"गेलं म्हणून काय पोरांना हाडं द्यायची व्हय?" काकू म्हणाल्या, आणि पदर खोचून स्वतःच मांडीचं वेचायला लागल्या.

डबा मी पोहोचवला. जुनं झाकण वाटभर खडखडत होतं. नवं घेऊ म्हटलं तर अण्णांनी तेही कधी ऐकलं नाही. धुऊन डबा पुन्हा खिळ्याला लावला, तेव्हा चाचा म्हणाले, "पुढच्या आयतवारी दोन बोकड हायत. लवकर या, सर. अण्णा दुकान उघडायच्या आत यायचे."

आठवड्यात एक दिवस झोप मिळते, तीही गेली.